तिकीट ठरवायला मतदार कसा येईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही न्यू जर्सीत राहता, दोन वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं, नोव्हेंबरमध्ये हौसेनं रांगेत उभं राहून मत दिलंत. जूनमध्ये प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानाला, गेलात तर केंद्रावर शुकशुकाट. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, ‘कुठल्या पक्षाची मतपत्रिका देऊ?’ तुम्ही गोंधळलात आणि मत न देताच परत आलात. आता तुम्ही विचारता की प्रायमरीला लोक यावेत म्हणून पद्धतीत काय बदल करायला हवेत, आणि ती पक्षाची अट न घालता सगळ्यांना खुली केली की काम होईल का.

मी मध्य न्यू जर्सीत गेली पंधरा वर्षं मतदान केंद्रावर बोर्ड वर्कर आहे. पहाटे सव्वापाचला शाळेच्या जिममध्ये पोचायचं, टेबलं मांडायची, यंत्रं सुरू करायची, सहाला दार उघडायचं आणि रात्री आठला बंद करायचं. एरवी वर्षभर मतदार नोंदणीचं काम करते, कधी ग्रंथालयात, कधी देवळात, कधी गणपतीच्या मांडवात. माझे वडील सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवडणूक ड्यूटी लागली की मतपेट्या घेऊन एसटीनं जायचे आणि दुसऱ्या दिवशी लाल डोळ्यांनी परत यायचे. तेव्हा हे काम माझ्या रक्तातच आहे म्हणा.

आधी सरळ उत्तर देते. प्रायमरी खुली करणं योग्य आहे, पण नुसतं दार उघडून लोक येत नाहीत. आत काहीतरी खरोखर ठरतंय असं त्यांना दिसावं लागतं, आणि तिथवर पोचणं सोपं असावं लागतं. एवढं जमत नसेल तर दुसरा मार्ग उरतो. लोक जिथे आपसूक येतात त्या नोव्हेंबरच्या मतदानातच खरा निर्णय होईल अशी रचना करायची. अमेरिकेत आजवर झालेले सगळे प्रयोग या दोन वाटांपैकी एका वाटेनं गेलेले आहेत.

आपल्या माणसांना प्रायमरी समजावताना मी एकच शब्द वापरते, तो म्हणजे तिकीट. आपल्याकडे तिकीट कोणाला हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादी जाहीर होते, ज्याचं नाव नाही तो बंडखोरी करून अपक्ष उभा राहतो. काँग्रेसनं २०१४ च्या लोकसभेला काही मोजक्या मतदारसंघांत अंतर्गत निवडणूक घेऊन उमेदवार ठरवून पाहिले. त्यात आपले वर्धा आणि लातूरही होते. पण तिथे मत होतं ते पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. अमेरिकेत हेच तिकीट सामान्य मतदार देतो, सरकारनं घेतलेल्या निवडणुकीत, सरकारी खर्चानं, मतदान यंत्रावर. आणि बंडखोरीची वाट इथे बहुतेक राज्यांनी कायद्यानं बंद केलेली आहे. प्रायमरी हरलेला उमेदवार त्याच जागेसाठी नोव्हेंबरमध्ये अपक्ष म्हणून नाव छापून घेऊ शकत नाही. ज्या थोड्या राज्यांत चालतं त्यांतलं एक कनेटिकट. तिथे जो लिबरमन २००६ मध्ये प्रायमरी हरले आणि अपक्ष लढून सिनेटची जागा जिंकले. म्हणजे बाकी देशात जूनमध्ये जे ठरतं त्यावर नोव्हेंबरमध्ये सहसा अपील नाही.

ही पद्धत लोकांनी मागून घेतलेली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथेही तिकिटं बंद खोलीत वाटली जात. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर रॉबर्ट ला फॉलेट यांनी त्याविरुद्ध लढा दिला. १९०४ मध्ये तिथल्या मतदारांनी थेट प्रायमरीचा कायदा मंजूर केला आणि १९०६ मध्ये ती पहिल्यांदा झाली. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीला मात्र १९६८ पर्यंत पुढाऱ्यांचाच शब्द चालत होता. त्या वर्षी ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढता डेमोक्रॅटिक उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाबाहेर रस्त्यावर रक्त सांडलं, आणि मग नियम बदलले. १९७२ पासून राष्ट्राध्यक्षपदाचं तिकीटही मतदारच ठरवतात.

इतक्या कष्टानं मिळवलेला हा हक्क किती लोक वापरतात? २०१४ च्या मध्यावधी वर्षात, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षात, देशभरच्या प्रायमरींना मत देण्यास पात्र शंभर जणांतले पंधरासुद्धा आले नाहीत. २०१८ हे तापलेलं वर्ष होतं, तेव्हा हा आकडा विसाच्या आसपास गेला. नोव्हेंबरमध्ये येणाऱ्यांच्या निम्मेही हे होत नाहीत.

आणि बहुसंख्य मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले आहेत. तिथे नोव्हेंबरचा निकाल जूनमध्येच लागलेला असतो. न्यूयॉर्कच्या क्वीन्स-ब्राँक्स भागात २०१८ च्या जूनमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी जो क्राउली या मुरलेल्या खासदाराला हरवलं. मतदारसंघाची लोकसंख्या सुमारे ७ लाख, आणि दोघांची मतं मिळून ३० हजारसुद्धा भरली नाहीत. दुसऱ्या टोकाला व्हर्जिनियात २०१४ मध्ये एरिक कँटर, म्हणजे प्रतिनिधिगृहातले बहुमताचे नेते, प्रायमरीत पडले. एकूण मतं साधारण ६५ हजार. हे निकाल बरे की वाईट हा माझा विषय नाही. पण सात लाखांचा खासदार तीस हजार माणसं ठरवत असतील, तर उरलेली कुठे होती हे आपण विचारायलाच हवं.

ती कुठे असतात ते मला टेबलामागून दिसतं. पहिला गट तुमच्यासारखा. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना मतदार नोंद झाली, पक्षाची चौकट रिकामी राहिली. न्यू जर्सीत असे बिनपक्षाचे मतदार वीस लाखांहून जास्त आहेत. त्यांना प्रायमरीला येता येतं, पण केंद्रावर आल्यावर पक्ष जाहीर करावा लागतो, आणि मत दिल्यावर ते त्या पक्षाचे म्हणून नोंदले जातात. ती नोंद सार्वजनिक असते. कागद भरून नंतर पुन्हा बिनपक्षाचं होता येतं, पण हे कोणी सांगत नाही. एक गृहस्थ दर नोव्हेंबरला पहिल्या दहांत असतात. एका जूनमध्ये ते चुकून आले. पक्ष सांगावा लागेल म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ‘माझं नाव पक्षाच्या यादीत जाणार? मी सरकारी कंत्राटावर काम करतो,’ म्हणाले. त्यांना कायद्यानं काही धोका नव्हता, मी तसं सांगितलं. तरी ते गेले. ज्या देशातून आपण आलो तिथे कोणत्या पक्षाचा हा प्रश्न सरकारी टेबलावरून विचारणं म्हणजे दमदाटी वाटते. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही.

दुसरा गट पक्षात नोंद असलेल्यांचा. त्यांना या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या लढतीत रस असतो, पण पक्ष बदलण्याची मुदत प्रायमरीच्या ५५ दिवस आधी संपते. एप्रिलच्या सुरुवातीला कोणाला जूनची आठवण असते? शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये तर पूर्वी याहून वाईट होतं. २०१६ ची राष्ट्राध्यक्षीय प्रायमरी १९ एप्रिलला होती आणि पक्ष बदलण्याची मुदत संपली होती आदल्या ऑक्टोबरात. डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन मुलांनाही, इव्हांका आणि एरिक यांना, स्वतःच्या वडिलांना मत देता आलं नाही. २०१९ मध्ये कायदा बदलून ती मुदत १४ फेब्रुवारीवर आणली, तरी तिथली प्रायमरी अजून पूर्ण बंद आहे. बिनपक्षाच्या माणसाला तिथे दारातच थांबावं लागतं.

तिसरा गट सगळ्यात मोठा. त्यांना प्रायमरी आहे हेच माहीत नसतं, किंवा माहीत असूनही त्यात काही ठरत नाही असं वाटतं. आणि पुष्कळदा त्यांचं बरोबर असतं. कित्येक जूनमध्ये मी मतदाराच्या हातात अशी मतपत्रिका दिली आहे जिच्यावर प्रत्येक पदापुढे एकच नाव होतं.

म्हणून नुसतं खुलं करून भागत नाही. कॅलिफोर्नियाचं उदाहरण बघा. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी प्रस्ताव १४ मंजूर केला. २०१२ पासून सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर, मतदार कुठल्याही पक्षाचा असो, पहिले दोन नोव्हेंबरला जातात. याहून खुलं काय असणार? पण २०१४ च्या जूनमध्ये नोंदणीकृत मतदारांपैकी फक्त २५ टक्के आले, तोवरचा नीचांक. दार सताड उघडं होतं, पण वरच्या पदांवर चुरस नव्हती. २०१८ ला तीच पद्धत, तेच राज्य, आणि मतदान ३७ टक्क्यांच्या वर गेलं, कारण देशात वातावरण पेटलं होतं. खुलेपणामुळे मतदान थोडं वाढतं, चुरशीमुळे पुष्कळ वाढतं, असं मी या क्षेत्रातल्या अभ्यासकांकडूनही ऐकलं आहे आणि स्वतः पाहिलंही आहे.

खुलं करायचंच असेल तर कोलोरॅडोसारखं करावं. तिथे सगळं मतदान टपालानं होतं. २०१६ च्या जनमतानंतर, २०१८ पासून बिनपक्षाच्या प्रत्येक मतदाराच्या घरी दोन्ही पक्षांच्या मतपत्रिका येतात. एक भरून परत पाठवायची, दुसरी फेकून द्यायची. मतदार बिनपक्षाचाच राहतो. काहींनी दोन्ही भरून पाठवल्या आणि त्यांची दोन्ही मतं बाद झाली, हा त्यातला दोष. पण पहिल्याच वर्षी १० लाखांहून अधिक मतं पडली, राज्याच्या प्रायमरीसाठी तो विक्रम होता. फरक कुठे पडला? हक्क कागदावर होता तो मतदाराच्या टपालपेटीत येऊन पडला. आमच्याकडे बिनपक्षाच्या मतदाराचं नाव कायम टपाली मतदारांच्या यादीत असलं तरी प्रायमरीला त्याला आपोआप काही येत नाही. आधी पक्ष जाहीर करणारा कागद पाठवावा लागतो. मला एकच बदल करायला मिळाला तर मी हा करेन. आणि केंद्रावर येणाऱ्यांसाठी विस्कॉन्सिनसारखं. तिथे सगळ्या पक्षांचे रकाने एकाच मतपत्रिकेवर असतात, कोणत्या रकान्यात खूण केली हे पडद्याआड राहतं. टेबलावरच्या बाईला विचारावंच लागत नाही. ते कंत्राटदार गृहस्थ तिथे मत देऊन गेले असते.

आता चुरशीबद्दल, कारण इथे न्यू जर्सीनं नुकतंच काहीतरी मोठं केलं आहे आणि आपल्या लोकांत त्याची चर्चा फारच कमी झाली. आमच्याकडे ‘काउंटी लाइन’ नावाचा प्रकार होता. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, पक्ष ज्यांना पाठिंबा देई त्या सगळ्यांची नावं, गव्हर्नर किंवा सिनेटरपासून गावच्या कौन्सिलपर्यंत, एका उभ्या किंवा आडव्या ओळीत छापली जात. आव्हान देणाऱ्याचं नाव लांब कुठेतरी, दोन-चार रकाने सोडून, कधी कधी त्याच पदाच्या दुसऱ्या कोणा अनोळखी माणसाखाली. २१ पैकी १९ काउंट्यांत हे चाले. देशात दुसरीकडे कुठे असं नव्हतं. मी मतदारांना बोट फिरवत नाव शोधताना पाहिलं आहे. आम्हाला मदत करायची मनाई, आणि ते योग्यच आहे, पण माणूस शेवटी वैतागून पहिली ओळ दाबून जायचा. ज्याला लाइन मिळाली तो जिंकला, हे सगळ्यांना माहीत. मग चुरस कशी होणार आणि मतदार कशाला येणार?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर आरोपपत्र दाखल झालं आणि दुसऱ्याच दिवशी खासदार अँडी किम सिनेटच्या शर्यतीत उतरले. पुढे त्यांच्या विरोधात गव्हर्नरांच्या पत्नी टॅमी मर्फी उभ्या राहिल्या, अनेक मोठ्या काउंट्यांचा पाठिंबा त्यांच्याकडे गेला. किम यांनी मतपत्रिकेच्या रचनेलाच कोर्टात आव्हान दिलं. मर्फी यांनी माघार घेतली, तरी खटला चालू राहिला, आणि २९ मार्च २०२४ ला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी त्या जूनच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी लाइन बंद केली. मार्च २०२५ मध्ये विधिमंडळानं कायदाच बदलला. आता प्रत्येक पदाचा वेगळा चौकोन, त्यात त्या पदाचे सगळे उमेदवार एकत्र.

२०२५ च्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीला डेमोक्रॅटिक बाजूला सहा तगडे उमेदवार उभे राहिले. ८ लाखांहून जास्त मतं पडली. २०१७ ला, जेव्हा जागा अशीच मोकळी होती, साधारण ५ लाख पडली होती. हे सगळं लाइन गेल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. पैसा ओतला गेला, वॉशिंग्टनमधल्या घडामोडींनी लोक अस्वस्थ होते, मतदारांची संख्याही वाढली होती. पण त्या दिवशी माझ्या केंद्रावर जूनमध्ये पहिल्यांदा रांग लागली. दुपारी डबा उघडायला वेळ मिळाला नाही. एक आजी मतपत्रिका बघून म्हणाल्या, ‘आता कळतंय कोण कोणाविरुद्ध आहे.’ मतपत्रिकेची छपाई ही किरकोळ बाब आहे असं कोणी म्हटलं की मला त्या आजी आठवतात.

तारखेबद्दलही सांगायला हवं, आणि इथेही न्यू जर्सीचाच पुरावा पुरेसा आहे. २००८ मध्ये आमच्या राज्यानं राष्ट्राध्यक्षीय प्रायमरी जूनमधून उचलून ५ फेब्रुवारीवर आणली. क्लिंटन आणि ओबामा यांची झुंज ऐन भरात होती. फक्त डेमोक्रॅटिक बाजूला ११ लाखांहून जास्त मतं पडली. बाकीची प्रायमरी जूनमध्येच ठेवली होती. तिथे सिनेटर फ्रँक लॉटेनबर्ग यांना खासदार रॉब अँड्र्यूज यांनी आव्हान दिलं होतं, म्हणजे लढत लुटुपुटूची नव्हती. मतं किती? साडेतीन लाखांच्या आत. तेच राज्य, तेच वर्ष, तोच पक्ष, चार महिन्यांचं अंतर. फेब्रुवारीत आलेली माणसं जूनपर्यंत कुठे परगावी गेली नव्हती. दोन निवडणुकांचा खर्च नको म्हणून पुढे २०१२ पासून सगळं परत जूनमध्ये गेलं, आणि जूनपर्यंत राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल बहुतेक वेळा लागून गेलेला असतो. मला वाटतं दोन्ही एकत्र ठेवणं बरोबर होतं, पण एकत्र करून लवकरच्या तारखेला ठेवायला हवं होतं.

लोकांना एकाच वर्षात तीन-तीनदा बोलावलं की ते दमतात. मध्यावधी वर्षात टेक्सासची प्रायमरी मार्चमध्ये, डेलावेअरची सप्टेंबरमध्ये. देशभर प्रायमरीचा एक ठरलेला आठवडा असता तर टीव्ही, वर्तमानपत्रं, शाळा, सगळ्यांनी त्याची आठवण करून दिली असती, जशी नोव्हेंबरची देतात. न्यूयॉर्कमध्ये २०१८ पर्यंत केंद्राची प्रायमरी जूनमध्ये आणि राज्याची सप्टेंबरमध्ये होती. २०१९ च्या कायद्यानं ती एक केली, उशिरा का होईना.

फेरमतदान हा त्याच दुखण्याचा आणखी एक प्रकार. दक्षिणेतल्या काही राज्यांत कोणालाच ५० टक्के मिळाले नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. टेक्सासमध्ये २०१८ च्या मार्चमध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीला १० लाखांवर लोक आले, मेमधल्या फेरमतदानाला साडेचार लाखही नाहीत. न्यूयॉर्क शहरात २०१३ मध्ये पब्लिक अ‍ॅडव्होकेट या, नागरिकांच्या तक्रारी बघणाऱ्या, एका पदासाठी फेरमतदान घ्यावं लागलं, खर्च सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर, त्या कार्यालयाच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाच्या कितीतरी पट. २०१९ मध्ये शहरानं जनमत घेऊन पसंतीक्रमाचं मतदान स्वीकारलं. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदार जसे पहिली पसंती, दुसरी पसंती लिहितात तसंच, फक्त इथे सामान्य मतदार लिहितो आणि पाचपर्यंत नावं देता येतात. २०२५ च्या महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीला १० लाखांहून जास्त लोक आले, जोहरान ममदानी जिंकले, आणि दुसऱ्यांदा कोणालाही बोलवावं लागलं नाही. मराठी मंडळींना ही पद्धत पाच मिनिटांत कळते, हा माझा अनुभव आहे.

तसंच कॉकसचं. कॉकस म्हणजे ग्रामसभेसारखी बैठक. ठरलेल्या संध्याकाळी जाऊन तास-दोन तास बसायचं. कल्पना छान, पण रात्रपाळीवाला, लहान मूल असलेली आई, म्हातारा माणूस यांना जमत नाही. मिनेसोटात २०१६ ला डेमोक्रॅटिक कॉकसला दोन लाखांच्या आसपास लोक आले. २०२० ला कॉकसऐवजी प्रायमरी घेतली तर सात लाखांवर. यावर मला आणखी युक्तिवादाची गरज वाटत नाही.

आता दुसरी वाट, निर्णय नोव्हेंबरमध्ये नेण्याची. अलास्कानं २०२० मध्ये ठरवलं की सगळे उमेदवार एका मतपत्रिकेवर, पहिले चार पुढे जातील, आणि नोव्हेंबरला पसंतीक्रमानं मतदान होईल. सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०१० मध्ये स्वतःच्या पक्षाची प्रायमरी हरल्या होत्या, आणि मतपत्रिकेवर नाव नसताना लोकांनी हातानं त्यांचं नाव लिहून त्यांना निवडून दिलं होतं. २०२२ मध्ये नव्या पद्धतीनं त्या सगळ्या मतदारांसमोर गेल्या आणि जिंकल्या. त्या ऑगस्टच्या प्रायमरीला ३२ टक्क्यांच्या आसपास मतदान झालं, तिथल्या मानानं चांगलं. पण २०२४ च्या प्रायमरीला २० टक्क्यांच्याही आत. लोकांनी ओळखलं की चार जण पुढे जाणारच आहेत, आज काही अडत नाही. यावरून सुधारणा फसली असं टीकाकार म्हणतात. मला ते पटत नाही. जिथे मोजकेच लोक येतात तिथे फारसं काही ठरू नये, जिथे सगळे येतात तिथे ठरावं, हाच तर उद्देश होता. मात्र प्रायमरीच्या मतदानाचा टक्का हीच एकमेव फूटपट्टी धरली तर अलास्का नापास दिसेल. तेव्हा तुम्हाला काय वाढवायचं आहे हे आधी ठरवा: जूनची गर्दी, की खासदार ठरवणाऱ्यांची संख्या? माझ्या मते दुसरी.

पक्षाच्या कार्यकर्त्यांचा आक्षेपही ऐकायला हवा. मी त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं एका टेबलावर बसले आहे. ते म्हणतात, आम्ही थंडीत दारोदार फिरतो, वर्गणी देतो, आमचा उमेदवार बाहेरच्यांनी का निवडावा? सर्वोच्च न्यायालयानंही २००० मध्ये कॅलिफोर्नियाची जुनी, कोणालाही कुठल्याही पक्षाचा उमेदवार निवडू देणारी पद्धत याच कारणानं रद्द केली. पक्ष ही संघटना आहे आणि तिला आपली माणसं निवडण्याचा हक्क आहे, असं ते म्हणणं होतं. मी तो हक्क मानते. पण इतिहासात ‘पक्ष खासगी आहे’ या वाक्याचा एक फार वाईट वापर झाला आहे. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष कृष्णवर्णीयांना प्रायमरीत मत देऊ देत नसे आणि म्हणे की हा आमचा अंतर्गत मामला आहे. तिथे तेव्हा डेमोक्रॅटिक प्रायमरी जिंकणं म्हणजेच निवडून येणं होतं. १९४४ मध्ये न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. प्रायमरीतच सगळं ठरत असेल आणि तिचा खर्च करदाता देत असेल, तर ती केवळ पक्षाची राहत नाही. पेनसिल्व्हेनियात आजही दहा लाखांहून जास्त बिनपक्षाचे मतदार त्या खर्चात वाटा उचलतात आणि त्यांना उमेदवार निवडता येत नाही.

मग सुधारणा होत का नाहीत? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो, नेवाडा, आयडाहो, अ‍ॅरिझोना, मोंटाना, साउथ डकोटा, सहाही राज्यांत प्रायमरी खुली करण्याचे प्रस्ताव पडले. फक्त राजधानी वॉशिंग्टनमध्ये मंजूर झाला, आणि अलास्काची पद्धत जेमतेम साडेसातशे मतांनी वाचली. माझ्या मते बऱ्याच ठिकाणी खुली प्रायमरी आणि पसंतीक्रम एकाच प्रस्तावात कोंबले. घाई झाली. लोकांना एक गोष्ट हवी होती, दुसरीची भीती वाटली, आणि दोन्ही गेल्या. साउथ डकोटात पसंतीक्रम नसतानाही प्रस्ताव पडला, त्यामुळे एवढंच कारण पुरत नाही. दोन्ही पक्षांचे स्थानिक नेते एकत्र विरोधात उभे राहिले की सुधारणेला तळातून माणसं लागतात, केवळ बाहेरचा पैसा पुरत नाही.

न्यू जर्सीत मी कोणत्या क्रमानं जाईन? लाइन गेली, ते झालं. पुढची मागणी: बिनपक्षाच्या टपाली मतदारांना दोन्ही मतपत्रिका घरी पाठवा आणि मत दिल्यावर त्यांना पक्षाचे म्हणून नोंदू नका. मग पक्ष बदलण्याची मुदत ५५ दिवसांवरून मतदार नोंदणीच्या मुदतीइतकी, म्हणजे २१ दिवसांवर आणा. यातल्या कशालाही घटनादुरुस्ती लागत नाही. पसंतीक्रम त्यानंतर, लोकांना सवय झाल्यावर. १७ वर्षांची मुलं नोव्हेंबरपर्यंत १८ ची होणार असतील तर त्यांना प्रायमरीत मत देता येईल असा कायदा इथे आधीच झाला आहे, २०२६ पासून तो लागू आहे. घरात बारावीतलं मूल असेल तर त्याची नोंदणी आजच करा.

आणि तुमच्यापुरतं. प्रायमरी जूनच्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी असते. तुम्ही बिनपक्षाच्या आहात, त्यामुळे ५५ दिवसांची अट तुम्हाला नाही. थेट केंद्रावर या, पक्ष सांगा, मत द्या. नाव त्या पक्षात राहू नये असं वाटलं तर दुसऱ्याच दिवशी पक्ष जाहीर करण्याच्या त्याच फॉर्मवर बिनपक्षाची चौकट भरून काउंटीच्या निवडणूक कार्यालयाला पाठवा. टपालानं द्यायचं असेल तर टपाली मतपत्रिकेच्या अर्जाबरोबर तो फॉर्म आधी जायला हवा, एप्रिलमध्येच पाठवा. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर थोडी वर्दळ असते, दुपारी आलात तर टेबलावरच्या बाईंना सगळं सावकाश समजावून सांगायला वेळ असतो.